पडदा बदला, पंप नव्हे!

प्रेशर कुकरची रिंग सैल झाली म्हणून अख्खा कुकर भंगारवाल्याच्या काट्यावर चढवणारी गृहिणी मी अजून पाहिलेली नाही. स्टोव्हचा वायसर वाळला, की आपल्या आया त्याला तेलाचे बोट लावीत आणि पुन्हा चहाचे आधण ठेवीत. स्टोव्ह कोणी उकिरड्यावर फेकीत नसे. स्वयंपाकघरात इतके स्वाभाविक असलेले हे शहाणपण मोटारीचे बोनेट उघडताच पुरुषमंडळींना सोडून कोठे जाते, हे एक कोडेच आहे. जुन्या गाडीच्या पंपातला तळहाताएवढा पडदा फाटला, की चार जाणते जमतात आणि एकमुखाने निकाल देतात : "काढून टाका हो ते धूड! इलेक्ट्रिक पंप बसवा आणि मोकळे व्हा!"

या निकालाविरुद्ध माझे अपील आहे. दिवाळीच्या दिवसांत, फराळाच्या ताटापुढे भांडण उकरून काढू नये हे मला कळते. पण ज्यांच्या वाड्याच्या देवडीत किंवा बंगल्याच्या गॅरेजात आजोबांची फियाट नाहीतर हेराल्ड धूळ खात उभी आहे, अशी कुटुंबे याच दिवसांत एकत्र जमतात, आणि "त्या गाडीचे आता काय करायचे?" हा प्रश्नही याच दिवसांत निघतो. तेव्हा अपील दाखल करायला हाच मुहूर्त बरा.

पंप म्हणजे रस्त्याच्या कडेचा, जेथे आपण पेट्रोल भरतो तो नव्हे. गाडीची टाकी मागे आणि खाली असते. कार्बोरेटर पुढे आणि वर असतो. पेट्रोल आपण होऊन चढ चढत नाही. अगदी जुन्या काळी यावर तोड म्हणून टाकीच कार्बोरेटरहून उंच ठेवीत. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पंप नव्हताच. टाकी बैठकीखाली असे आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे उतरे. टाकीत पेट्रोल कमी असले आणि मोठा चढ लागला, की ते पुढे पोचेनासे होई. मग चालक गाडी वळवी आणि पाठमोरी वर चढवी! १९२०च्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक पंप प्रचारात आला आणि हा पाठमोरा प्रवास संपला. पुढची पन्नासएक वर्षे जगातल्या बहुतेक साध्या मोटारी या पंपावर चालल्या.

माझ्याकडे १९६६ सालची फियाट ११०० आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. तिच्या इंजिनाच्या कुशीला हा पंप बोल्टांनी अडकवलेला आहे. त्याची रचना शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. इंजिनातल्या कॅमशाफ्टवर मध्य सोडून बसवलेली एक गोल चकती असते. ती फिरताना पंपाच्या दांडीला ढकलते. दांडी पंपाच्या पोटातला पडदा खाली ओढते. पडदा खाली गेला की वर पोकळी होते, एक झडप उघडते आणि टाकीतले पेट्रोल जाळीतून गाळून आत येते. चकती पुढे सरकली की दांडी सुटते, पडद्याखालची स्प्रिंग पडदा वर लोटते, दुसरी झडप उघडते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ही दांडी मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा हलते. तासाचा हिशेब ९०,००० होतो.

आता या यंत्रातली खरी खुबी पाहा. पेट्रोल वर ढकलण्याचे काम इंजिन करीतच नाही. ते पडदा फक्त खाली ओढते. वर ढकलते ती स्प्रिंग. म्हणून तुम्ही गाडी कितीही पळवा, पेट्रोलचा दाब स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जात नाही. अशा गाड्यांत तो चौरस इंचाला साधारण दोन ते चार पौंड असतो. कार्बोरेटरची वाटी भरली, की तिच्यातली सुई तोंड बंद करते. पेट्रोलला वाट उरत नाही, पडदा खालीच थबकतो आणि दांडी नुसती रिकामी डुलत राहते. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरताच वाढणे थांबवणारा असा वाढपी आपल्या पंगतींत मिळणे कठीण! आणि इंजिन थांबले, की पंपही थांबतो. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

प्रतिपक्षाचे पहिले म्हणणे असे, की हा पंप वारंवार दगा देतो. मी विचारतो, दगा पंपाने दिला हे तुम्ही ठरवले कसे? गाडी घाटात बंद पडली, की पहिला आरोपी पंप! बोरघाट चढताना उन्हाळ्यात पेट्रोलची नळी तापते, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफेपुढे पंपाचे काही चालत नाही. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवीत, विडी ओढायला गाडीपासून लांब जात आणि दहा मिनिटांनी पुढे निघत. आज त्याच कारणासाठी पंप फाशी जातो. कधी जाळीत गाळ बसलेला असतो. कधी वरच्या झाकणाचे कॉर्कचे पॅकिंग आकसलेले असते आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. कधी टाकीपासून येणाऱ्या रबरी नळीला केसाएवढी चीर असते. आणखी एक गंमत सांगतो. पुष्कळ पंपांना हाताने पेट्रोल चढवण्यासाठी एक छोटी दांडी असते. ती हलवून पाहिली आणि मोकळी लागली, की लगेच "पंप मेला" असे जाहीर होते. पण इंजिन थांबताना कॅमची चकती वरच्या टोकाला थांबली असेल, तर पडदा आधीच खाली ओढलेला असतो. हातदांडीला ओढायला काही उरलेलेच नसते. हँडल घालून इंजिन एक फेरा फिरवा, दांडी पुन्हा जड लागते. एका फेऱ्याच्या आळसापायी किती निरपराध पंप भंगारात गेले असतील!

पंप खरोखर बिघडला तर तो तसे सांगतोही. बहुतेक पंपांना पडद्याखाली एक बारीक भोक ठेवलेले असते. तेथून पेट्रोल ठिबकू लागले तर पडदा फाटला. ऑइल ठिबकू लागले तर खालचे सील गेले. डिपस्टिक काढून हुंगली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइलची पातळी न घालताच वाढलेली दिसली, तर गाडी एक फर्लांगही पुढे नेऊ नये. फाटक्या पडद्यातून पेट्रोल चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगे खाल्ली जातात. हा धोका मी लपवीत नाही. यांत्रिक पंपाची कड घेणाऱ्याने त्याच्या देखभालीची जबाबदारीही घेतली पाहिजे.

दुसरे म्हणणे : "सुटे भाग मिळत नाहीत." या वाक्याने या महाराष्ट्रात जेवढ्या गाड्या मारल्या, तेवढ्या गंजानेही मारल्या नसतील. आमच्या ओळखीच्या एका बाईंची हकीकत सांगतो. यजमान गेल्यावर त्यांची फियाट काही वर्षे अंगणात उभी होती. मुलीच्या लग्नात ती दारात चालती असावी, एवढीच बाईंची इच्छा. एका गॅरेजवाल्याने गाडी पाहिली आणि सांगितले, की पंप गेला आहे, त्याचे सामान येत नाही, इलेक्ट्रिक पंप घालावा लागेल, त्यासाठी नवे वायरिंग, नव्या नळ्या, मग कार्बोरेटरही बदललेला बरा. यादी लांबत गेली आणि आकडा ऐकून बाईंनी हाय खाल्ली. गाडी वजनावर गेली. मला कळले तेव्हा उशीर झाला होता. भंगारवाल्याकडे जाऊन मी तो पंप तेवढा विकत आणला आणि रात्री घरी उघडला. दोन्ही झडपा ठीक, स्प्रिंग ठीक, दांडीची झीज नगण्य. पडदा मात्र कडेने तडकला होता. नवरदेव ज्या गाडीतून यायचा, ती या एका चकतीसाठी कापली गेली.

पडदा मिळत नाही हे खरे नाही. पुण्याच्या नाना पेठेत जरा पायपीट केली, जुन्या दुकानदाराच्या गल्ल्यापाशी नम्रपणे उभे राहिले आणि जुना पडदा नमुन्याला नेला, तर किट निघते. टपालानेही मागवता येते. अगदीच न मिळाले, तर त्याच मापाचा पडदा कापून, जुन्या दांड्यावर बसवून देणारे कारागीर अजून आहेत. "मिळत नाही" याचा अर्थ पुष्कळदा "मला शोधायचे नाही" एवढाच असतो.

तिसरे म्हणणे जरा वजनदार आहे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. प्रतिपक्ष म्हणतो, की पेट्रोल आता पूर्वीचे राहिले नाही. खरे आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली देशाने वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. आपल्याच उसाचे ते एक अपत्य, त्यामुळे त्याच्याशी वैर धरण्याचे मला कारण नाही. पण १९६६ साली ज्यांनी हे पंप बनवले, त्यांच्या स्वप्नातही हे मिश्रण नव्हते. इथेनॉल जुन्या जातीचे रबर फुगवते, मऊ करते, पुढे तडकवते. टाकीतला जुना गाळ सोडवून जाळीत आणून घालते. आणि हवेतले पाणी शोषून घेते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर हे पाणी तळाशी साचून गंज चढवते.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? रबर बदला, हा! पंप बदला, हा नव्हे. इलेक्ट्रिक पंप बसवलात तरी कार्बोरेटरची पॅकिंगे आणि रबरी नळ्या त्याच राहणार, आणि इथेनॉल त्यांनाही सोडणार नाही. इथेनॉल सोसणारे फ्लोरोकार्बन जातीचे रबर आज उपलब्ध आहे. तशा रबराचे किंवा तसा लेप दिलेल्या कापडाचे पडदे मिळतात. दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा : "हा पडदा कशाचा आहे?" उत्तर देता आले नाही, तर दुकानाची पायरी उतरायची.

येथे मला माझ्याच बाजूच्या काही मंडळींचा कान धरणे भाग आहे. आमच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक सोवळा पंथ आहे. त्यांना सगळे अस्सल हवे. किटसुद्धा कारखान्याच्या मूळ डबीतले, पन्नास वर्षे न उघडलेले. डबी हाती आली की त्यांना शाळिग्राम सापडल्याचा आनंद होतो. अहो, डबीत बंद असले म्हणून रबर म्हातारे व्हायचे थांबते काय? ते कपाटातही वाळते, आणि आजच्या पेट्रोलपुढे तर ते महिनाभरही टिकेल याची हमी नाही. गाडीचे अस्सलपण तिच्या ओतीव धडात आहे, तिच्या रचनेत आहे. सडक्या रबरात ते शोधणे म्हणजे आजोबांची आठवण म्हणून त्यांचे जुनेच औषध घेण्यासारखे आहे. आणि हे सोवळे लोक गाडी वर्षातून एकदा मिरवणुकीपुरती बाहेर काढतात. पडदा हलता राहिला तर टिकतो. कोरडा उभा राहिला तर तडकतो.

चौथे म्हणणे : "इलेक्ट्रिक पंप जास्त सुरक्षित." आता ते मघाचे वाक्य आठवा. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबतो. इलेक्ट्रिक पंप किल्ली चालू आहे तोवर ढकलतच राहतो. अपघात झाला, नळी तुटली, इंजिन बंद पडले, तरी हा इमानी नोकर तुटक्या नळीतून गरम इंजिनावर पेट्रोल ओतीत राहील. नव्या गाड्यांत अशा वेळी पंपाचा वीजपुरवठा तोडण्याची व्यवस्था कारखान्यातूनच असते; साठ वर्षांपूर्वीच्या फियाटमध्ये ती कोठून येणार? ती वेगळी बसवावी लागते, आणि बसवणारे किती जण ती आठवणीने बसवतात ते गॅरेजात जाऊन विचारा. त्यातून कोणी नव्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप आणून जोडला तर पाहायलाच नको. त्याचा दाब चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या पुढे. आमच्या कार्बोरेटरच्या सुईला सोसतात दोन-चार पौंड. सुई हरते, वाटी ओसंडते. सुरक्षितता ती हीच काय?

प्रामाणिकपणे एवढे मान्य करतो : पंपाचे धड तडकले असेल, दांडीचे भोक झिजून लंबुळके झाले असेल, किंवा पंप न उघडणाऱ्या जातीचा, कडा दाबून कायमचा बंद केलेला असेल, तर दुसरा यांत्रिक पंप घालावा. तोही न मिळाला तर कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप, दाब मोजून आणि वीज तोडण्याच्या सोयीसह, अवश्य घालावा. शस्त्रक्रिया करूच नये असे माझे म्हणणे नाही. नाडी न पाहता करू नये, एवढेच आहे.

आणि नाडी पाहणे काही अवघड नाही. बॅटरीची तार सोडवावी, जवळपास निरांजन किंवा विडी नसावी. पंप उतरवताना त्याच्यामागचा जाड ठोकळा आणि पॅकिंगे जपून ठेवावीत. त्यांची जाडी बदलली, की दांडीची चाल बदलते, आणि इंजिनाची उष्णताही तोच ठोकळा अडवतो. पंपाच्या दोन भागांवर कानशीने एक आडवी खूण करावी, म्हणजे जोडताना तोंडे चुकत नाहीत. मग स्क्रू काढून सगळे रॉकेलमध्ये धुवावे. काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही भागांच्या कडा सपाट कराव्यात. झडपा फुंकून आणि ओढून पाहाव्यात. प्रत्येकीने एकाच बाजूने वाट द्यावी. नवा पडदा बसवताना स्क्रू आधी अलगद लावावेत, दांडी पूर्ण ओढून धरावी आणि त्या स्थितीतच स्क्रू समोरासमोरचे आवळावेत. हे न केल्यास पडदा ताणलेला बसतो आणि लवकर फाटतो. मग दोष पुन्हा पंपाच्या नावावर! शेवटी पेट्रोल आत येण्याच्या तोंडावर बोट ठेवून दांडी हलवावी. बोट काही क्षण ओढलेले राहिले, की समजावे, पंप जिवंत झाला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी तिच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढली. गाडी गेल्याचे दुःख सर्वांना झाले. पण तिच्याबरोबर काय जाते आहे याचा विचार थोड्यांनीच केला. टॅक्सीच्या अड्ड्यावर, फुटपाथच्या कडेला, गोणपाट अंथरून अर्ध्या तासात पंप उघडून जोडणारे मिस्त्री त्या गाडीवर पोसले होते. त्यांचे ज्ञान कोणत्या पुस्तकात नाही. ते बोटांत आहे. आपण "बदला" म्हणतो तेव्हा त्या बोटांना काम उरत नाही, आणि काम न उरलेली विद्या एका पिढीत संपते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी एक सरकारी संकेतस्थळही सुरू झाले, आणि त्यात मोटारीही आहेत. उत्तम! पण हक्क कागदावर मिळतो. दुरुस्त करणारा हात कागदावर मिळत नाही. तो आपणच काम देऊन जिवंत ठेवावा लागतो.

म्हणून या दिवाळीत त्या गाडीचा प्रश्न निघालाच, तर भंगारवाल्याला फोन करण्यापूर्वी एक सकाळ तिला द्या. वस्तीतल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला मानाने चहाला बोलवा, त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या आणि घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवा. स्प्रिंग धरायला एक जण, स्क्रू वाटीत ठेवायला एक जण, आणि दांडी ओढून धरायला घरातला सर्वांत दांडगा. माझे अपील येथे संपले. निकाल वाचकांनी द्यावा. मात्र देण्यापूर्वी आरोपीला उघडून पाहावे, एवढीच विनंती.